सुगतची गोळी, माझे आकडे

वैशालीचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीत पिशव्या ठेवत उभा होतो. शनिवारची दुपार होती. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि घ्यावा की नाही असा विचार माझ्या मनात आला, हे आधीच सांगून टाकतो. जवळजवळ वर्षभर मी त्या घराशी नीट बोललो नव्हतो. शेवटी घेतला. "मंदार, सुगत गेला," ती म्हणाली. "सकाळी. आंघोळ करून बाहेर आला, पलंगावर बसला, आणि…" मी काय बोललो ते आठवत नाही. थोड्या वेळाने तिनेच अगदी सरळ आवाजात विचारलं, "बंदुकीच्या कपाटाची चावी कुठे ठेवायचा, तुला माहीत आहे का? पोलिसांना कळवलंय. रायफल न्यायला कुणीतरी येईल, आणि मला ती चावीच सापडत नाहीये."

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसणार, कारण या देशातला नियमच तसा आहे. परवाना ज्याच्या नावावर, त्याच्याखेरीज घरातल्या कुणाचाही हात बंदुकीपर्यंत पोचता कामा नये. म्हणून चावीची जागा बायकोलाही सांगायची नसते. सुगत नियम पाळणारा माणूस. त्याने ती जागा सांगितली नाही, आणि स्वतःबरोबर घेऊन गेला. काही दिवसांनी परवाना असलेला एक बंदूकविक्रेता आला, त्याने कुलूप कापलं आणि सगळं ताब्यात घेतलं. वैशालीने मला नंतर फोनवर सांगितलं, "रायफल एकच होती. काडतुसं दोन तऱ्हेची होती म्हणाला तो. एक खोकं जवळजवळ भरलेलं." ती सहज बोलून गेली. पण ते भरलेलं खोकं कोणतं, हे मला तिथे नसतानाही कळलं. ते मी निवडलेलं होतं. त्यातलं एक काडतूस माझ्यासमोर उडालं होतं आणि त्यानंतर सुगतने त्या खोक्याला हात लावला नव्हता. त्याने मलाही दूर ठेवलं होतं का, हे मला वर्षभर विचारायचं होतं. आता विचारायला तो उरला नव्हता.

नागपूरचा सुगत मेश्राम एडिनबराच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता आणि सुट्टीच्या दिवशी स्कॉटलंडच्या डोंगरात हरणं मारायला जायचा, हे सांगितलं की आपल्याकडची माणसं पहिल्यांदा हसतात आणि मग गप्प होतात. मीही तसाच हसलो होतो. "शिकार करतोस?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शिकार राजे लोक करतात बे. मी काम करून राहिलो." आणि ते कामच होतं. तिकडे लांडगे कधीच संपले, हरणांची संख्या वाढत गेली, आणि नव्याने लावलेली झाडं ती वीतभर असतानाच खाऊन टाकतात. एका गावाने मिळून डोंगरउतारावर जंगल लावलं होतं. त्यांना हिवाळ्यात हरणं कमी करून देणारी माणसं हवी होती. हॉस्पिटलातल्या एका सर्जनबरोबर सुगत पहिल्यांदा तिथे गेला तो नुसता बघायला, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःचा परवाना काढला.

आमची ओळख त्याच्या फार आधीची, लंडनच्या ईलिंगमधली. दोघेही नवे, दोघांचंही लग्न व्हायचं होतं, आणि एकाच घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. स्वयंपाकघर एकच. मी पुण्याचा, घरात अंड्यालासुद्धा न शिवलेला. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो, की माझी कढई आणि तवा वेगळा ठेवतो, तुझ्या मटणाच्या भांड्यात मिसळू नकोस. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर माझी भांडी ओट्याच्या एका टोकाला नीट रचून ठेवलेली, आणि हा लांब उभा राहून म्हणतोय, "या या, पुणेकर. तुझ्या कढईला मी शिवलो नाही बरं का. अस्पृश्य आहे ती." मी हसलो. तोही हसला. मला वाटलं, चला, गमतीत घेतलं यानं. कोणत्या घरातून आलेले आपण कोणाला 'माझ्या भांड्याला शिवू नकोस' म्हणालो, हे समजायला मला कितीतरी वर्षं लागली. समजल्यावर एकदा मी तो विषय काढला होता. त्याने हात झटकला. "जाऊ दे ना बे. तू भांडी धुवायचास तरी नीट. बाकीचे तेही करत नव्हते."

तो एडिनबराला गेला, वैशालीशी लग्न झालं, ती तिथल्या कौन्सिलमध्ये नोकरीला लागली. मी मेडनहेडला. वर्षातून दोन-तीनदा मी त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. रविवारी आजूबाजूची चार-पाच कुटुंबं जमायची आणि वंदना व्हायची. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. ते सुगत सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचा, आणि आदल्या दिवशी मारलेल्या हरणाचं मटण गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये असायचं. त्याची आई नागपुरातून फोनवर रागवायची. एकदा मी शेजारीच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता आणि आई म्हणत होती, "काहून मारतोस रे मुक्या जिवाले? काय वाकडं केलं त्यानं तुझं?" हा म्हणाला, "काहीच नाही केलं आई. म्हणूनच नीट मारतो." फोन ठेवल्यावर मी म्हणालो, हे काय उत्तर झालं? त्यावर तो जरा गंभीर झाला. "मी शील मोडतो, हे मला माहीत आहे. मोडतो तर मोडतो म्हणावं, सबब सांगू नये. पण त्या जनावराला कळता कामा नये, एवढं तर माझ्या हातात आहे ना? दिवसभर दुसरं काय करतो मी?"

मी या सगळ्यात शिरलो तो आकड्यांमुळे. मी सॉफ्टवेअरवाला. सुगतने एकदा सहज विचारलं, की गोळी किती अंतरावर किती खाली पडते, याचा एक तक्ता करून देशील का? मी तो करायला घेतला आणि त्यात बुडूनच गेलो. आपण मराठीत सरसकट 'गोळी' म्हणतो, पण काडतूस वेगळं आणि गोळी वेगळी. काडतूस म्हणजे दारू भरलेली पितळेची नळी. गोळी म्हणजे तिच्या तोंडाशी बसवलेला टोकदार धातूचा तुकडा. उडून जातो तो एवढाच. त्या तुकड्याचं वजन, त्याचा आकार, बंदुकीच्या नळीतून सुटतानाचा वेग, त्या दिवशीची हवा, वारा… एवढं दिलं की तो शंभर मीटरवर कुठे असेल, तीनशेवर कुठे असेल, हे सांगता येतं. मला ते फार सुंदर वाटलं. फोनवर त्यासाठी मी स्वतःचं ॲप लिहिलं. मग त्याच्याबरोबर डोंगरावर जायला लागलो. माझ्याकडे परवाना नव्हता, मला बंदुकीला हात लावायचा नव्हता. मी अंतर मोजायचं यंत्र घेऊन त्याच्या शेजारी गवतात पडायचो आणि कानाशी आकडा सांगायचो. "आमचा जोशीबुवा," असं तो लोकांना माझी ओळख करून देताना म्हणायचा. "मुहूर्त हे काढतात, पाप मी करतो."

त्याच्या या विनोदात माझी सगळी गोष्ट आली. हरीण पडलं की त्याची आतडी तिथेच काढावी लागतात, नाहीतर मांस खराब होतं. सुगत बाह्या वर करून ते करायचा, आणि मी पाठ फिरवून, थर्मासमधला चहा ओतत, डोंगर बघत उभा राहायचो. दर वेळी तो हाक मारायचा. "मंदार, ये ना. गोळी कशी उघडली बघ." मी म्हणायचो, तू सांग, मी ऐकतो. "ऐकायचं नाही, बघायचं असतं हे." मी कधीच बघितलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. गोळीचं वजन मला पाठ होतं, वाऱ्याने ती किती ढकलली जाते ते पाठ होतं, आणि ती आत जाऊन काय करते, हे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. मी याला संवेदनशीलपणा समजत होतो.

हरणासाठी गोळी अशी लागते, की ती आत शिरल्याबरोबर पुढून चेपून पसरेल आणि क्षणात सगळं संपवेल. इथला कायदाही तसंच सांगतो. ती पसरली नाही आणि तशीच आरपार गेली, तर बारीक भोक पडतं आणि जनावर पळत सुटतं. मग ते किती वेळ जगेल, याला काही धरबंध नाही. सुगत वर्षानुवर्षं शिशाची, मऊ टोकाची गोळी वापरायचा. ती जवळ असो, लांब असो, पसरायचीच. तरीही त्याचा नियम होता, दोनशे मीटरच्या आत गेल्याशिवाय चाप ओढायचा नाही. त्यासाठी तो ओल्या चिखलातून, ओढ्याच्या चरातून, पोटावर सरपटत जायचा. मी मागे. कोपरांपर्यंत गारठून गेलेला मी कुरकुरायचो, की इथूनही होईल रे, माझा तक्ता बघ. तो मागे न बघता म्हणायचा, "तुझ्या तक्त्याला थंडी वाजून राहिली वाटतं."

मग शिसं बंद व्हायला लागलं. त्याचे बारीक कण मांसात राहतात, ते मांस खाणारे पक्षी मरतात. त्या गावाकडून हरणं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं, की यापुढे फक्त तांब्याच्या गोळीने मारलेलं चालेल. तांबं कडक. ते पसरायला वेग जास्त लागतो. आणि लांब जाता जाता गोळीचा वेग कमी होत असतो. म्हणून दोन वाटा होत्या. हलकी गोळी घ्यायची, ती वेगाने सुटते, पण वाऱ्याने भरकटते, तेव्हा जवळ जायचं. किंवा जड, लांबट, निमुळती गोळी घ्यायची, जी लांबवर सरळ जाते. फोनवर आम्ही आठवडाभर यावर वाद घातला. माझ्या तक्त्यात जड गोळी प्रत्येक रकान्यात जिंकत होती. सुगत म्हणत होता, "अरे पण पोचेल तेव्हा उघडेल का?" मी म्हणालो, कंपनीने दिलेल्या किमान वेगाच्या ती वरच आहे. "किती वर?" थोडी. "थोडी म्हणजे? मी पेशंटला थोडी भूल देऊ का?" मी चिडलो. म्हणालो, तू दोनशेच्या पुढे जातच नाहीस, तर मग तुला काय फरक पडतो? त्याने उलट विचारलं, "तुझ्या कामात चूक झाली तर काय करतोस?" रोलबॅक करतो, सगळं आधी होतं तसं परत आणतो, मी म्हणालो. "हां," तो म्हणाला. "इथे ते नाही ना बे." आणि मग हसून, "दोन्ही आणून ठेवतो. भांडण मिटलं."

मी जानेवारीत गेलो तेव्हा त्याने रायफल माझ्या जड गोळीवर जुळवून ठेवली होती. प्रत्येक तऱ्हेच्या गोळीसाठी रायफलीवरची दुर्बीण नव्याने जुळवावी लागते, अर्धा दिवस जातो त्यात. त्याने आदल्या आठवड्यात ते केलं होतं. मी विचारलं, अरे, ही? "तू येऊन राहिला होतास ना," तो म्हणाला. "पाहुण्याच्या आवडीचं करतात घरी." आता लिहिताना सगळ्यात जास्त हे वाक्य टोचतं.

त्या दिवशी आभाळ खाली आलेलं होतं आणि वारा डावीकडून हळू वाहत होता. दुपारी समोरच्या उतारावर माद्यांचा छोटा कळप दिसला. त्यातली एक बाजूला, एकटी, पाडस नसलेली. हीच हवी होती. मी अंतर मोजलं आणि सांगितलं, तीनशे चाळीस. सुगत म्हणाला, "लांब आहे." मधे ओढ्याचा एक चर होता, तिच्या बाजूला वळत जाणारा. तशा चरातून तो किती वेळा गेला असेल. तो त्या चराकडे बघत राहिला. बराच वेळ. मी फोनकडे बघत होतो. मी म्हणालो, "होतंय रे. वारा स्थिर आहे. अंधार पडेल थोड्या वेळात. मी सांगतो तेवढी दुर्बिणीची चकती फिरव." त्याचा श्वास मला ऐकू येत होता, जोरात. चढ चढून आलो म्हणून असेल असं मला वाटलं. "श्वास सांभाळ," मी त्याला म्हणालो. मी, त्याला! त्याने एकदा परत चराकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांग." मी आकडे सांगितले.

गोळी मी म्हणालो तिथेच लागली. ती मादी जागच्या जागी आक्रसली, वाकली, आणि पळाली. कळप एका दिशेला, ती दुसऱ्या. माथ्यापलीकडे गेली. आम्ही तिथे पोचलो तर गवतावर थोडे केस आणि रक्ताचे दोन-चार थेंब. सुगतने ते बोटावर घेऊन पाहिलं आणि बोट गवताला पुसलं. उजेड असेपर्यंत आम्ही शोधत राहिलो. तो पुन्हा पुन्हा थांबत होता, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकत होता. मला वाटलं, माग बघतोय. एकदा तो दगडावर बसलाच. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. तू त्या बाजूने बघ." अंधार पडल्यावर आम्ही गाडीकडे परतलो. गाडीत मी म्हणालो, "उद्या थांबू का मी?" माणूस 'नको' ऐकायच्या तयारीने विचारतो ना, तसं विचारलं. सोमवारी माझ्या टीमचं एक रिलीज होतं. "जा बे तू," तो म्हणाला, "तुझं सोमवारचं काय ते आहे ना." आणि मी गेलो. रविवारी सकाळी त्याने मला स्टेशनवर सोडलं, आणि तिथूनच तो ओळखीच्या कुणाचा तरी कुत्रा घेऊन परत डोंगरावर गेला. एकटा.

ट्रेन लंडनच्या जवळ आली असेल तेव्हा त्याचा मेसेज आला. "सापडली. ओढ्याच्या काठाला. बराच वेळ जगली असणार. गोळी उघडली नाही." मी लिहिलं, "सॉरी यार." मग मी काय केलं असेल? मी ॲप उघडलं आणि सगळं गणित पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं. अंतर बरोबर, वारा बरोबर, गोळी एक तसूभर इकडेतिकडे गेली नव्हती. चूक गणिताच्या अलीकडे झाली होती, आणि ती बघायला लागेल म्हणून मी वर्षानुवर्षं चहा ओतत उभा राहिलो होतो.

त्यानंतर सुगत बदलला असं मला वाटलं. फोन कमी झाले. बोलला तर तब्येत, आई, वैशालीचं काम. डोंगराचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे सगळे जमतात, दर वर्षी मी जायचो. त्या वर्षी सांगितलं, ऑफिसमध्ये फार गडबड आहे. उन्हाळ्यात त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, "येऊन जा ना बे दोन दिवस. काम काही नाही. बसू." तो मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यातली मागची कुकरची शिट्टीसुद्धा पाठ आहे. मी उत्तर दिलं, पुढच्या महिन्यात नक्की. मला वाटत होतं, तो मला समोर बसवून त्या मादीविषयी बोलेल. जे मी पाठमोरा राहून टाळलं, ते तो शब्दांत सांगेल आणि मला ऐकावं लागेल. त्या भीतीने मी गेलो नाही. पुढचा महिना, मग त्याचा पुढचा… आणि मग तो कार पार्कमधला फोन.

अंत्यसंस्काराला मी गेलो होतो, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. वैशालीशी नीट बोलणं झालं ते सुगतच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, सगळे पांगल्यावर. ती गॅरेज आवरत होती, मी मदतीला गेलो. सुगत काडतुसं घरीच भरायचा, त्यासाठीचं टेबल भिंतीला लावलेलं होतं. काढून नेलेल्या बंदुकीच्या कपाटाची भिंतीवरची चार भोकं उघडी पडली होती. मी खोक्यात सामान भरत होतो. एकदम मला राहवलं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं. गोळी मी निवडली, तो नको म्हणत होता, अंतर लांब होतं, मी रेटलं. वैशाली फडक्याने टेबल पुसत होती. तिने हात थांबवला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "सांगितलं होतं त्याने."

"चिडला होता माझ्यावर?"

"हो."

तिने फडकं झटकलं. "गोळीवरून नाही. गोळी त्याने स्वतःच भरली होती ना बंदुकीत. तू रविवारी ट्रेनने निघून गेलास, त्यावरून. म्हणाला, एकट्यानं शोधायला लावलं बावाने."

मी म्हणालो, मला वाटलं त्यालाच नको होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "मंदार, त्या दिवशी त्याला त्या चरातून सरपटत जाता आलं नसतं. ऑक्टोबरपासून त्याला चार जिने चढले तरी धाप लागायची. हार्टच्या तपासण्या चालू होत्या. हॉस्पिटलमध्ये कुणाला कळू द्यायचं नव्हतं, तुला तर नाहीच. पुणेकरासमोर कसा मान्य करेल? म्हणाला, मंदार म्हणाला इथूनच होईल, आणि मला सबब मिळाली."

सबब हा त्याचाच शब्द. तो वापरायचा नाही म्हणून आयुष्यभर सांभाळलेला.

"मग दुसऱ्या दिवशी तो…"

"गेला ना. कुत्रा घेऊन, त्याच छातीने. चार तासांनी घरी फोन केला. रडत होता." तिने फडक्याची घडी केली. "तुझी चूक नव्हती असं मी म्हणत नाहीये. तुला बरं वाटावं म्हणूनही सांगत नाहीये. उन्हाळ्यात तुला बोलावत होता ते हे सांगायलाच. आजाराचं. तू विचारलं असतंस तर फोनवरच सांगितलं असतं त्याने."

तेव्हा मला तो श्वास आठवला. त्या उतारावर, माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर. मी समोरच्या मादीचं अंतर मीटरमध्ये सांगत होतो, वारा सांगत होतो, आणि शेजारी पडलेला माझा मित्र हवेसाठी धडपडत होता. तो चराकडे का बघत होता, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, तो माझ्या आकड्यावर विचार करतोय. भूलतज्ज्ञाने स्वतःचं दुखणं लपवलं तर ते कुणाला कळणार, असं मला नंतर पुष्कळ जणांनी समजुतीखातर सांगितलं. पण मला ते ऐकू आलं होतं. कळलं नव्हतं असं नाही, मी ते वाऱ्यासारखं हिशेबातून वजा केलं होतं.

वैशाली चहा टाकायला आत गेली. मी टेबलाखालचं खोकं ओढायला वाकलो, तर तिथे एक स्टूल होतं. आधी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं सुगत त्या टेबलाशी उभा राहून काम करायचा; बसून केलं की हात हलतो, म्हणायचा. हे बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतं तसलं स्टूल होतं, प्लास्टिकचं. त्याचे पाय करवतीने कापून त्याने ते आपल्या उंचीचं केलं होतं. कापलेल्या टोकांना, फरशीवर घसरू नये म्हणून, रबराच्या बुचांचे तुकडे चिकटवले होते. एक पाय किंचित आखूड कापला गेला असणार, कारण त्या बुचाखाली पुठ्ठ्याची घडी होती. बैठकीचा मधला भाग वापरून गुळगुळीत झाला होता. गेलं सबंध वर्ष तो इथे बसत होता.

मी बसून पाहिलं. माझे गुडघे टेबलाच्या कडेला लागले. मी उंच आहे त्याच्याहून. हात टेबलावर ठेवले तर खांदे वर ओढले जात होते, त्याचे नसतील होत. त्या उंचीवरून गॅरेजच्या छोट्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून घराकडे वळणारी गाडीही… कोण येतंय ते. आतून वैशालीने हाक मारली, "मंदार, साखर किती?" मी म्हणालो, आलो. उठलो, स्टूल होतं तसं टेबलाखाली सरकवलं. ते डगमगलं, म्हणून खाली बसून पुठ्ठ्याची घडी पुन्हा नीट त्या पायाखाली घातली.